पडद्याआडचे ‘आम्ही’

“सटवा, तू आमचा आवाज काढतोस म्हणे.”

बाईसाहेबांनी हे विचारले तेव्हा त्यांच्या हातात अडकित्ता होता, आणि मी त्यांच्या हाताच्या टप्प्यात बसलो होतो. काजळगडच्या दरबारात मी नकल्या होतो. दिवाणांचा खोकला, पुरोहितांचा ढेकर, शेजारच्या संस्थानच्या वकिलाचे खोटे बोलणे, यातले जे कुणी मागेल ते मी करून दाखवत असे. एका माणसाची नक्कल मात्र करायची नाही असा दंडक होता, आणि ते माणूस समोर सुपारी कातरत बसले होते.

“कोण म्हणतं असं?” मी विचारले.

“मुदपाकखाना म्हणतो. परवा तू चुलीमागून ओरडलास, ‘आमटीत मीठ कुठंय?’ आणि आचारी दचकून परातीत पडला.”

“परातीत नाही, बाईसाहेब. परातीवर.”

कट. सुपारीचे दोन तुकडे झाले. विधवा झाल्यापासून बाईसाहेब विडा खात नसत, पण कातरायची सवय सुटली नव्हती. कातरलेली सुपारी दुसऱ्यांच्या वाट्याला जाई. त्या बोलत, थांबत, कट असा आवाज होई, आणि मग ऐकणाऱ्याला आपली चूक आठवे.

“करून दाखव,” त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले. त्यांचा आवाज मुळात घोगरा, घाटातल्या वाऱ्यासारखा जरा फाटलेला. तो घशात जमवला आणि म्हणालो, “सटवा, जा. आम्ही तुला माफ केलं.”

कोपऱ्यात बसलेली भिवराआत्या फिसकन हसली. आत्या बाईसाहेबांच्या माहेराहून त्यांच्या पालखीमागून चालत आलेली दासी. गडावर बाईसाहेबांना ‘गप्प बसा आता’ असे म्हणू शकणारी ती एकटीच.

बाईसाहेब हसल्या नाहीत. “आत्या, चालेल?”

“आवाज चालेल. तोंड बंद ठेवता आलं असतं तर आणखी चाललं असतं.”

“तोंड बंद ठेवायचंच नाहीये त्याला,” बाईसाहेब म्हणाल्या आणि उठून खिडकीशी गेल्या.

खिडकीतून खाली काय दिसत होते ते मला पाहायची गरज नव्हती. कंपनी सरकारची पलटण कालपासून महादरवाजासमोर तळ देऊन होती, तोफांसकट. महाराज गेले, दत्तक नामंजूर झाला, आणि काजळगड खालसा केल्याचा हुकूम निघाला, याला वर्ष उलटले होते. हुकमाचा खलिता दोनदा आला. दोन्ही वेळा बाईसाहेबांनी तो न उघडता परत पाठवला. त्यावर ‘काजळगड, इलाखा मुंबई’ असे लिहिलेले होते, आणि या पत्त्याचे गाव आमच्या राज्यात नाही असा निरोप गेला. मग जकातनाका ताब्यात घ्यायला एक तुकडी आली. तिला बाईसाहेबांनी स्वतः घोड्यावर बसून, हातात दांडपट्टा चढवून, नदीपार हाकलली. त्या वेळी पत्ता कुणी विचारला नाही.

आता मात्र तोफा होत्या. आणि माळावर भोवतालच्या गावांतून आलेली माणसेही होती. गोफणी, कुऱ्हाडी, विळे घेऊन ती तिथे बसली होती. बाईसाहेब सांगतील ते करायचे एवढेच त्यांना ठाऊक होते.

“आज दरबारात साहेब हुकूम वाचणार,” बाईसाहेब म्हणाल्या. “दरबार संपेपर्यंत बंदूक वाजणार नाही, असा करार झालाय. तेवढ्या वेळात आम्ही मूठभर स्वारांनिशी मागच्या चोरदिंडीनं उतरणार, नदी ओलांडणार आणि खिंडीत शिरणार. खिंडीत तोफ शिरत नाही. तिथून पुढं आम्ही आणि डोंगर बघून घेऊ. पण आम्ही गडावर नाही हे साहेबाला आधी कळलं तर त्याचे स्वार आम्हाला नदीतच गाठतील.”

“मग?”

“मग आमच्या जागी गादीपुढच्या चिकेआड कुणीतरी बसायला हवं.”

मी भिवराआत्याकडे पाहिले. आत्या माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या हातात वस्तरा होता.

“बाईसाहेब,” मी म्हणालो, “मी तिथं बोलू काय?”

“वाटेल ते. तंटा कर, कोडी घाल, साहेबाच्या घोड्याची चौकशी कर. तुझी जीभ आजवर कधी कमी पडलीय? फक्त एक लक्षात ठेव. ‘आम्ही’चं ‘मी’ होऊ द्यायचं नाही. मान गेली तरी.”

“कुणाची मान?”

“तुझी. आमची खिंडीत असेल.”

एवढे बोलून त्यांनी अडकित्ता माझ्या हातात दिला, कासोटा आवळला आणि त्या मागच्या दाराने उतरून गेल्या. ‘का’ हे विचारायचे राहून गेले. तसेही राजघराण्यातली माणसे स्वतःला आम्ही म्हणतात, त्यात विचारायचे काय, असे मला वाटले.

“आत्या, मिशी राहू दे ना. चिकेआड कोण बघतंय?”

“वाऱ्यानं चीक हलली तर? राणीला मिशी फुटली म्हणून साहेब विलायतेला कळवेल. मान वर कर.”

मान वर केली. आत्याने मिशी उडवली, अंगावर पांढरी शाल घातली, डोक्यावरून पदर ओढला, आणि मागे सरून मला निरखून पाहिले.

“कशी दिसते?” मी बाईसाहेबांच्या आवाजात विचारले.

“दिसू नकोस म्हणजे झालं,” आत्या म्हणाली.

दरबार भरला. गादीच्या पुढे बांबूच्या काड्यांची चीक सोडलेली होती. आतून बाहेरचे सगळे दिसे आणि बाहेरून आतले फक्त सावट. माझ्या पाठीशी मागच्या दरीवर उघडणारी छोटी खिडकी होती. आत्या तिच्याशी बसली होती, पाठ माझ्याकडे, डोळे नदीकडे. आतल्या गोष्टीचा पत्ता आम्हा दोघांखेरीज कुणाला नव्हता. चिकेपलीकडे बसलेल्या आमच्या सरदारांनाही नाही. सर्वांत पुढे म्हातारे हैबतराव होते, आणि रिवाजाप्रमाणे त्यांचा डोळा लागलेला होता.

साहेब आले. त्यांचे नाव टर्नबुल. काजळगडच्या जिभेला ते पेलेना, म्हणून पहिल्याच मुक्कामात ते टरबूजसाहेब झाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मराठीची परीक्षा दिली होती, ती पास झाले होते, आणि तेव्हापासून ते कुणाला तर्जुमा करू देत नसत. अंताजीपंत नावाचे मुनशी त्यांच्याबरोबर असत, पण ते साहेबांच्या मराठीवर मान डोलवण्यापुरते.

साहेबांनी इंग्रजी हुकूम वाचला. तो लांबलचक होता, त्याबद्दल मी सरकारचा आजन्म ऋणी आहे. मग त्यांनी कागद गुंडाळला, छाती पुढे काढली, आणि स्वतःच्या मराठीत त्याचे सार सांगितले.

“राणीसाहेब, आजपासून हा किल्ला आपला आहे.”

दरबारात चुळबूळ झाली. सरदार एकमेकांकडे पाहू लागले. एकदोघांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

मी सुपारी कातरली. कट.

“साहेब,” मी बाईसाहेबांच्या आवाजात म्हणालो, “एवढंच सांगायला तोफा आणल्यात? आम्हालाही तो आपलाच वाटत होता.”

अंताजीपंत पुढे वाकून कुजबुजले. “साहेब, ‘आमचा’ म्हणा. ‘आपला’ म्हटलं की तो त्यांचाही होतो.”

साहेब लाल झाले. “किल्ला आमचा आहे!”

“आत्ता आपला होता, आत्ता आमचा झाला. साहेब, नीट ठरवून यायचं होतं. बसा, पाणी घ्या.”

“आमचा म्हणजे सरकारचा!”

“असं होय. मग तुम्ही आम्ही म्हणता ते एकट्याला धरून की सरकारला धरून?”

“सरकारला धरून.” साहेब आता हुशारले. व्याकरणाचा मुद्दा निघाला की त्यांना घोड्यावर बसल्यासारखे वाटत असावे. “मी जेव्हा आम्ही म्हणतो, तेव्हा माझ्या पाठीमागे सरकार असते. यास्तव ते अनेकवचन योग्य आहे. पण राणीसाहेब, आपण मघापासून आम्ही, आम्ही म्हणता. आजपासून आपण राज्यकर्त्या नाहीत. आपण एक खाजगी विधवा आहात. खाजगी विधवेचे एकवचन असते.”

मी मागे पाहिले. आत्याने दोन बोटे पाण्यात बुडवल्यासारखी खाली करून दाखवली. बाईसाहेब अजून नदीतच होत्या.

“साहेब,” मी म्हणालो, “तुमच्या घोड्याला इथलं गवत मानवलं का?”

“घोडा चांगला आहे. राणीसाहेब, विषय बदलू नये. या सरदारांसमोर आपण एक वाक्य बोलावे. ‘मी गड सोडून जाते.’ एवढेच. मग हे सर्व सरदार शपथेतून मोकळे होतील, आणि आपणास पालखी व सन्मान मिळेल.”

“पालखी भोयांसकट का नुसतीच?”

“भोयांसकट.”

“भोई कुठले?”

“राणीसाहेब!”

“विचारायला हवं. परक्या गावचे भोई पाय जुळवत नाहीत. हिसके बसतात.”

पुष्कळ वेळ मी भोयांवर काढला. मग हुकमाची तारीख आपल्या पंचांगाप्रमाणे कोणती येते ते विचारले. त्यावर अंताजीपंत आणि आमचे जोशीबुवा यांच्यात तिथीवरून जुंपली, आणि ती मी मनापासून ऐकली. पण टरबूजसाहेब परीक्षा पास झालेले गृहस्थ होते. ते पुन्हा त्याच प्रश्नाशी आले.

“राणीसाहेब, सरळ विचारतो. या आपल्या ‘आम्ही’मध्ये आपल्याखेरीज दुसरे कोण आहे? महाराज नाहीत. दत्तक नाही. खजिना नाही. फौज नाही. कोण आहे? दाखवा. नाही दाखवता आले, तर म्हणा, ‘मी’.”

मी अडकित्त्यात सुपारी धरली, पण दाबली नाही. भोई, पंचांग, घोडा, सगळे संपले होते, आणि या प्रश्नावर मला विनोद सुचेना. नकल्याच्या आयुष्यात असे क्वचित होते. आत्या वळून पाहत होती.

“दाखवतो की,” मी म्हणालो, आणि आवाज आपोआप आला. मी काढला नाही. “खाली माळावर ओरडतायत ते कोण आहेत असं वाटलं तुम्हाला? जत्रा भरलीय? मागल्या दुष्काळात गडाचं टाकं आटलं, तेव्हा डोक्यावर घागरी घेऊन अख्खी चढण चढणाऱ्या बायका आहेत त्यात. नाक्यावर पडलेला लहू रामोशी आहे. तो मेलाय साहेब, पण ‘आम्ही’तून त्याला कुणी काढलेलं नाही. समोर हैबतराव आहेत. झोपलेत, पण आहेत. इथं आमची भिवरा बसलीय, आमच्या लग्नात आमच्या पालखीमागं चालत आली ती अजून माघारी गेली नाही. आमच्या पदरी एक नकल्या आहे, वाचाळ, बिनकामाचा. त्यालाही धरा. तुम्ही आम्हाला ‘मी’ म्हणायला सांगता. त्या एवढ्याशा ‘मी’त ही माणसं कुठं बसवू?”

हे बोललो आणि माझे मलाच कळले, बाईसाहेब ‘मान गेली तरी’ का म्हणाल्या ते. तो शब्द त्यांनी मोठेपणासाठी धरला नव्हता. त्यांनी ‘मी’ म्हटले असते, तर बाहेर उभे राहिलो असतो ते आम्ही.

हैबतराव जागे झाले होते. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, चिकेपुढे आले आणि जमिनीपर्यंत वाकून मुजरा केला. त्यांच्यामागे सगळा दरबार उठला.

पुढे बाईसाहेबांनी त्या डोंगरांत सरकारला कसे नाचवले, पावसाळ्यात पलटणीच्या तोफा चिखलात कशा रुतवल्या, आणि शेवटी तापाने गेल्या तेव्हा हातातला पट्टाही कुणी सोडवला नव्हता, हे शाहीर गातात आणि ते सगळे खरे आहे. शाहीर असेही गातात, की त्या दिवशी बाईसाहेब भर दरबारात वाघिणीसारख्या गरजल्या. ते मी तुरुंगातही ऐकले, खिडकीखालून जाणाऱ्या कुणाच्या तरी डफावर. गरजलो मी होतो, आणि तेही मांडी घालून. पण शाहिराला दुरुस्त करायला जाऊ नये. गाणे बिघडते.

दरबार अजून मुजऱ्यात उभा होता, तेवढ्यात “शिरल्या,” आत्या मागून पुटपुटली.

“कोण?”

“कोण काय मेल्या! खिंडीत शिरल्या. शेवटचा घोडाही दिसेना झाला.”

मी एवढा मोठा श्वास सोडला की चीक हलली. बाहेर साहेब काठी आपटत होते.

“मी शेवटचे सांगतो. एक वाक्य. ‘मी गड सोडून जाते.’ बोला!”

आता वेळ काढायची गरज नव्हती. आता मी फक्त नकल्या होतो, आणि माझ्यासमोर सकाळपासून एक माणूस बोलत होता, ज्याचा प्रत्येक उच्चार माझ्या जिभेवर वळवळत होता. मी छाती पुढे काढली, हनुवटी आत घेतली, आणि थेट टरबूजसाहेबांच्या आवाजात म्हणालो:

“मी गड सोडून जातो!”

व्याकरणात खोट नको, म्हणून पुल्लिंगही सांभाळले.

क्षणभर कुणालाच कळेना की कोण बोलले. दरबारी मंडळी साहेबांकडे पाहू लागली. साहेबांनी स्वतः आपल्या ओठांना हात लावून पाहिला. मग हैबतराव हसले. त्या म्हाताऱ्याला मी आयुष्यात हसताना पाहिले नव्हते. ते एकदा हसू लागले आणि दरबाराचे छत उडायचेच बाकी राहिले.

मी चीक वर गुंडाळली, पदर मागे टाकला आणि रीतसर मुजरा केला.

टरबूज आतून कसे असते ते त्या दिवशी बाहेरून दिसले. शिपाई धावले. एकाने माझ्या मानेला धरले.

“तुझे नाव?” साहेब म्हणाले.

“सटवाजी नकल्या, हुजूर.”

“राणी कुठे आहे?”

“खिंडीत. आता सांगायला हरकत नाही.”

साहेब खिडकीशी गेले. खिंडीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. अंताजीपंत घाम पुसत म्हणाले, “साहेब, तिथं तोफ चढत नाही.”

मला वाटले होते की ते आता मला तिथेच गोळी घालतील. पण साहेब वळले तेव्हा त्यांचा चेहरा शांत झाला होता, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

“खाली माळावर जे लोक आहेत,” ते सावकाश म्हणाले, “त्यांना हे ठाऊक नाही.”

त्यांनी काठी उचलली.

“त्यांना वाटते राणी येथेच आहे. ते तिच्या आवाजाची वाट पाहत आहेत. तो आवाज,” त्यांनी काठीचे टोक माझ्या गळ्याला लावले, “येथे आहे.”

“साहेब, हा नकल्या आहे,” पंत म्हणाले. “याचं काय मनावर घ्यायचं?”

“मी घेतले नाही काय? मी सकाळपासून घेतले.” साहेब जवळ आले. “ऐक. राणी रयतेशी नगारखान्याच्या चिकेआडून बोलते ना? तू तेथे जाऊन तिच्या आवाजात सांगशील, ‘मी जाते. तुम्ही हत्यारे टाका आणि घरी जा.’ हे लोक घरी गेले, की डोंगरात राणीजवळ मूठभर माणसे उरतात. मूठभर माणसांना दाणा कोण देणार? वाट कोण दाखवणार? पावसाळा लागण्याआधी ती आपण होऊन खाली येईल. तू बोललास तर सुटलास. नाही बोललास तर तेथेच फाशी.”

माणूस मूर्ख नव्हता, हे मी आधीच सांगायला हवे होते.

महादरवाजावरच्या नगारखान्यात मला नेले. नगारा उतरवून त्याच्या तुळईला दोर बांधला, आणि फास माझ्या गळ्यात अडकवला. दोर नवा होता आणि टोचत होता. मिशी नसल्याने वारा भलत्या ठिकाणी लागत होता. आत्याला शिपायांनी खालीच अडवले होते. तिचे ओरडणे मला ऐकू येत होते. “सटव्या, घसा साफ करून घे!” असे ती ओरडत होती. बाईने मला धीर दिला की धमकी, हे मला आजही सांगता येणार नाही.

चिकेतून माळ दिसला. केवढी माणसे ती! म्हातारे, बाया, खांद्यावर घोंगड्या टाकलेले धनगर. त्यांच्या आणि महादरवाजाच्या मध्ये पलटण उभी, बंदुका रोखून. तोफांपाशी बत्त्या पेटवलेल्या. मी ‘लढा’ म्हणालो असतो, तर ती माणसे तशीच धावली असती आणि तिथेच कापली गेली असती. ‘घरी जा’ म्हणालो असतो, तर बाईसाहेब डोंगरात उपाशी मेल्या असत्या, आणि तेही माझ्या तोंडून निघालेल्या स्वतःच्या आवाजाने.

अंताजीपंत माझ्या कानाशी आले. “सटवाजी, म्हणून टाक बाबा. दोन वाक्यं तर आहेत. नक्कलच आहे ना? नकलेचं पाप लागत नाही.”

“पंत,” मी म्हणालो, “बाईसाहेबांनी असं कधी म्हटलं असतं का?”

“नाही.”

“मग ती नक्कल कसली?”

“काय बोलणे चालले आहे?” साहेब मागून म्हणाले. “आरंभ कर.”

चिकेआड सावली हललेली खालच्यांनी पाहिली. “बाईसाहेब! बाईसाहेब!” असा पुकारा झाला आणि मग एकदम सगळे गप्प झाले. एवढी माणसे एकाच वेळी गप्प झाली, की पायाखालची फळी करकरलेली ऐकू येते. मी ऐकली.

घसा साफ केला. आत्या बरोबर होती, त्याची गरज होती. मग पोटातून, छातीतून, होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून, बाईसाहेबांच्या त्या फाटक्या घोगऱ्या आवाजात ओरडलो.

“आम्ही येतो!”

एवढेच. बाकी काही नाही.

साहेबांचा हात दोराकडे गेला. “मी ‘जाते’ सांगितले होते! आणि बाकीचे वाक्य?”

मग खाली अगदी पुढे उभी असलेली एक म्हातारी, डोक्यावर फाटके इरले, तिने तोंडाशी हात नेले. दारातून निघालेल्या माणसाला उंबऱ्यातून म्हणतात तसे ती म्हणाली, आणि तिच्या मागोमाग सगळा माळ म्हणाला:

“या!”

तटाच्या भिंतीवरून तो शब्द उलटून परत आला. तोफेवरचा गोलंदाजदेखील चमकून मागे पाहू लागला.

“हे कोणाला बोलावतात?” साहेबांनी विचारले. “पंत! तो म्हणाला, आम्ही येतो. म्हणजे राणी येणार? येथे?”

पंतांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या गळ्यातल्या दोराकडे. उपरण्याने तोंड पुसले.

“साहेब, मराठीत जाणारा माणूस जातो म्हणत नाही. येतो म्हणतो. जातो म्हणणं अशुभ. मग घरातली माणसं ‘या’ म्हणतात आणि तो जातो.”

“हे पुस्तकात नाही.”

“नाही, साहेब.”

“म्हणजे अर्थ झाला, राणी गेली?”

“तोच अर्थ, साहेब. लोकांनाही तो कळला. बघा, उठले.”

खाली माळ खरोखर उठला होता. कुणी धावत नव्हते, कुणी दगड उचलत नव्हते. घोंगड्या झटकल्या जात होत्या, पोरे कडेवर घेतली जात होती. बंदुका रोखलेली पलटण नुसती पाहत राहिली, कारण पाठ फिरवून निघालेल्या माणसांवर बार काढायचा हुकूम कुणाकडे नव्हता. साहेबांनी दोरावरचा हात काढला. त्यांच्या तोंडावर मला समाधान दिसले. थोडे राज्य मिळाल्याचे, आणि थोडे, मला वाटते, नवा प्रयोग शिकल्याचे.

“येतो म्हणजे जातो,” ते स्वतःशीच म्हणाले. “उत्तम. लोक जात आहेत.”

मी चिकेतून पाहत राहिलो. माळाच्या टोकाशी गावांकडे जाणारी गाडीवाट लागत होती. म्हातारी तिथपर्यंत गेली आणि गाडीवाट सोडून वरच्या पायवाटेला वळली. गड सोडलेल्या बाईसाहेबांना तोफेपासून आसरा देईल अशी जागा एकच, हे भोवतालच्या गावांना कुणी सांगावे लागत नव्हते. तिच्या मागचे वळले. त्यांच्या मागचेही. थोड्या वेळात सबंध पायवाट माणसांनी भरली, आणि ती वाट नदीच्या उताराने, करवंदीच्या जाळ्यांतून, सरळ खिंडीकडे चढत होती.

गडावरून ती माणसे जाताना दिसत होती. खिंडीत उभ्या असलेल्या बाईसाहेबांना ती येताना दिसली असतील.